दुकानाची सामायिक वही : विकी

भोरहून मांढरदेवीचा घाट ओलांडला की वाई येते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश याच गावी उभा राहिला व त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. जाणकारांनी लिहायचे, संपादकांनी तपासायचे, मग छापायचे, अशी ती शिस्त. पुढे १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथे वाचणाराच लिहिणारा, आणि चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करणारा. विद्वत्तेच्या बाबतीत कोण सरस, हा वाद इथे नको. दुसऱ्या पद्धतीमागे जे साधन आहे ते कापडाच्या दुकानातही चालते, आणि आजचा धडा त्याचाच आहे.

या साधनाला विकी म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरने पहिला विकी मार्च १९९५ मध्ये सुरू केला. होनोलुलूच्या विमानतळावरील बसचे नाव त्याने उचलले. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. संगणकावर पान उघडावे, ‘संपादन’ दाबावे, लिहावे आणि जतन करावे, एवढीच कृती. एखाद्या शब्दाभोवती दुहेरी चौकटी कंस घातले, उदाहरणार्थ [[रुबिया]], की त्या नावाच्या पानाकडे वाट तयार होते. पान नसेल तर तिथेच नवे लिहिता येते.

आता याची गरज काय? माझ्या दुकानातली गोष्ट सांगतो. आमचे जुने मुनीमजी म्हणजे चालती-बोलती वही. वेल्ह्याच्या कोणत्या गावाला कोणता पन्ना लागतो, कोणता माल पहिल्या धुण्यात किती आटतो, कोणाकडचा रंग टिकत नाही, सगळे त्यांच्या डोक्यात. ते अल्लाहला प्यारे झाले. पुढच्याच हंगामात मी परकराच्या कापडाचे ताके ज्या व्यापाऱ्याकडून उचलले, त्याचाच माल पूर्वी एकदा रंग गेल्यामुळे परत आला होता. मुनीमजींना ते ठाऊक होते, मला नव्हते. पुन्हा तेच झाले. पैसे बुडाले ते बुडालेच, पण डोंगरातून पायपीट करून कापड परत करायला आलेल्या बायांच्या नजरेला नजर देणे जड गेले. खातेवहीत खरेदीची रक्कम होती, तारीख होती; रंग गेल्याची नोंद कुठेच नव्हती. असे ज्ञान कीर्द-खतावणीत बसत नाही. त्यासाठी वेगळी वही हवी.

ही वही ओपन सोर्स असते. याचा अर्थ शिंपीभाईंना लगेच कळेल. तयार सदरा विकत घेतला तर तो कसा बेतला हे कळत नाही. मास्टरने कागदी कटिंगही सोबत दिले तर आपण तसाच दुसरा शिवू शकतो, बाही आखूड करू शकतो, शेजाऱ्यालाही कटिंग देऊ शकतो. मात्र मोफत म्हणजे बिनखर्ची नव्हे. संगणक, वीज आणि शिकण्याचा वेळ आपलाच.

विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीला वेगळा डेटाबेस लागतो. छोट्या दुकानाला तो पसारा झेपत नाही. माझ्या मते डोकुविकी बरा. अँड्रिआस गोर यांनी तो २००४ मध्ये आणला. यात प्रत्येक पान म्हणजे साधी मजकुराची फाइल. उद्या डोकुविकी बंद पडला तरी मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो. जुनी आवृत्ती जपली जाते. कोणी, केव्हा, काय बदलले ते दिसते आणि नोकराने चुकून पान पुसले तर परत आणता येते. एकजण पान लिहीत असताना दुसऱ्यासाठी ते काही वेळ बंद राहते. एकट्याचे दुकान असेल तर त्याच वर्षी आलेला टिडलीविकी पाहावा. अख्खी वही एकाच फाइलमध्ये असते व वाचायला इंटरनेट लागत नाही. वेल्ह्याच्या डोंगरात रेंज कुठे मिळते, कुठे नाही. तिथे हे सोयीचे.

वर्डप्रेससारख्या साधनांचे काम निराळे. तिथे मालक लिहितो, गिऱ्हाईक वाचते. ती दुकानाची पाटी. विकी ही गादीमागची वही. ती बाहेर उघडी ठेवू नये, प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड द्यावा. उधारी तर यात मुळीच लिहू नये. हिशेबाला बेरीज-वजाबाकी लागते आणि गिऱ्हाइकाचे कर्ज चार नोकरांनी वाचायची गोष्ट नव्हे.

मराठी युनिकोडमध्येच लिहावे. छापखान्यातले जुने फॉन्ट चालणार नाहीत, त्यातला मजकूर शोधात सापडत नाही. शब्दही एकच ठरवावा. एकाने ‘लुगडे’ आणि दुसऱ्याने ‘लुगडं’ लिहिले की शोधताना अर्धी पाने हाती लागत नाहीत. हे मी चुकूनच शिकलो, कारण शाळा उर्दूत झाल्याने माझे ऱ्हस्व-दीर्घ कच्चे. आता मुलगा तपासतो.

सर्व पाने आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर उतरवावीत आणि तो ड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी न्यावा. सुरुवातीला दहा पाने पुरेत. प्रत्येक कापडाला एक पान : पन्ना, आटणे, रंग, कोणाकडून घेतले, गिऱ्हाइकाने काय सांगितले. आमच्या वहीतले पहिले पान परकराच्या कापडाचे आहे.