गाडगेबाबांचा खराटा

१९०५ साली डेबूजी नावाच्या शेतात राबणाऱ्या एका माणसाने घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा व मातीचे गाडगे. म्हणून लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. दिवसा ते गाव झाडीत, रात्री कीर्तनाने लोकांची मने झाडीत. दुःखितांची सेवा हीच त्यांची देवपूजा. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांस निवारा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधविली. स्वतः बाबांस अक्षरओळख नव्हती. तरी १९४९ साली ती वास्तू त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस दिली. १९५६ साली बाबा निवर्तले. मुलांनो, मन खचेल तेव्हा तो खराटा आठवावा. समोर झाडावयाचे अंगण असता निराश व्हावयास सवड कोठली?