पिशवी निघाल्यानंतरचं वर्ष

अगं, पोटावरची संडासाची पिशवी निघाली म्हणून घरात पेढे वाटले गेले, सासूबाईंनी देवीची ओटी भरली, ज्याचा त्याचा फोन येतोय की आता सगळं पहिल्यासारखं झालं ना? आणि तू मात्र सकाळपासून कितव्यांदा तरी संडासात जाऊन, नळ सोडून रडतेयस. म्हणून आज आपण दोघी मोकळेपणी बोलू. आपल्याकडच्या बायका कॅन्सर झाल्याचं एकवेळ सांगतील, पण संडासाला धरवत नाही हे जिवात जीव असेपर्यंत कुणाला सांगणार नाहीत. माझी पिशवी निघून आता काही वर्षं झाली. तुला जे होतंय ते मला झालंय, आणि हे ऑपरेशन झालेल्या बहुतेकांना थोडंफार होतंच. तुझं काही बिघडलेलं नाही, हे आधी मनाशी घट्ट धर.

पोटात नक्की काय झालंय ते समजलं की भीती अर्धी ओसरते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. तुझी कॅन्सरची गाठ गुदाशयात होती. मोठ्या आतड्याचा हा शेवटचा १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग. शेक (रेडिएशन) झाले, केमो झाली, आणि पहिल्या मोठ्या ऑपरेशनमध्ये गाठीसकट तो भाग काढून वरचं आतडं खाली, गुदद्वाराच्या अगदी जवळ जोडलं. इतका खालचा जोड भरायला वेळ घेतो. तो भरण्याआधी फुटला आणि मळ पोटात पसरला तर जिवावर बेततं. म्हणून लहान आतड्याचा एक वळसा पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढून पिशवी लावली होती. नंतर मागच्या बाजूने औषध सोडून एक्स-रे काढला, जोड पक्का झाल्याची खात्री केली, आणि मग तो वळसा शिवून परत आत टाकला. हे दुसरं ऑपरेशन खरंच लहान असतं. बहुतेकदा पोटावरच्या त्याच छिद्रातून होतं, ३ ते ५ दिवसांत घरी सोडतात. त्यामुळे ‘आता काय, छोटंसंच ऑपरेशन राहिलंय’ असं सगळे म्हणतात, आणि ते खोटंही नाही.

पण पहिल्या ऑपरेशनचा परिणाम तुला आत्ता कळतोय! इतके महिने त्या वाटेने काही गेलंच नव्हतं. गुदाशय तीन कामं करत होता. मळ साठवून ठेवायचा, भरत आलं की सावकाश सूचना द्यायचा, आणि आलेला वात आहे की संडास हे ओळखायचा. आता तो नाही. गच्चीवरची टाकी काढून मोटरचा पाइप थेट नळाला जोडावा तसं झालंय. वरून आलं की लगेच खाली. त्यात शेकामुळे तिथले स्नायू थोडे कडक झालेत, गुदद्वाराचा वळा कित्येक महिने कामाशिवाय पडून होता, आणि रिकामं राहिलेलं मोठं आतडं पाणी शोषायचं काम पुन्हा हळूहळू हातात घेतंय. दिवसात दहा-पंधरा वेळा जावं लागणं, एकदा जाऊन आलं की पाच मिनिटांत परत जोर येणं, पोट साफ झाल्यासारखं न वाटणं, रात्री नकळत डाग पडणं, हे सगळं यातूनच येतं.

डॉक्टर याला ‘लार्स’ म्हणतात. हे नाव तुझ्या कागदावर आलं तर घाबरू नकोस. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये त्यासाठी पाच प्रश्नांची यादी केली: वात रोखता येतो का, पातळ संडास रोखता येतो का, दिवसातून किती वेळा जावं लागतं, तासाभरात परत जावं लागतं का, आणि लागल्यावर धावत जावं लागतं का. उत्तरांचे गुण ० ते ४२. वीसपर्यंत त्रास नाही, २१ ते २९ सौम्य, तीस आणि त्यापुढे तीव्र. मला हे पाच प्रश्न फार आवडतात, कारण ‘बरं आहे’ असं म्हणून उठायची सोय ते ठेवत नाहीत. तपासणीला जाशील तेव्हा याच पाच गोष्टी सांग. आकड्यात सांग.

जखमेचं थोडक्यात सांगते. पिशवीच्या जागी पुष्कळदा मध्ये लहानसं छिद्र मुद्दाम उघडं ठेवतात, म्हणजे आतून भरत येतं आणि पू साठत नाही. काही आठवडे ड्रेसिंग लागेल. बादली, पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, नातवंडं, दीड-दोन महिने काहीही उचलायचं नाही. त्या जागी पोटाची भिंत कच्ची असते, हर्निया होऊ शकतो. खोकताना, शिंकताना तिथे हाताचा तळवा दाबून धर.

आता जेवण. इथेच बायका स्वतःचं सर्वांत जास्त नुकसान करून घेतात. बाहेर जायचंय ना, मग सकाळपासून काही खायचं नाही. लग्न आहे ना, मग आदल्या दिवसापासून चहाबिस्किटांवर. दोन दिवस त्रास कमी झाल्यासारखा वाटतो, मग ती सवय होते, वजन उतरतं, अंगात ताकद उरत नाही, आणि रिकाम्या पोटी वात आणखी होतो. पोटात नियमाने अन्न गेल्याशिवाय आतड्याला लय सापडत नाही. थोडंथोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खा, पण खा.

सुरुवातीला मऊ भात, मुगाचं वरण, चमचाभर तूप, पिकलेलं केळं, उकडलेला बटाटा, साबुदाण्याची पेज, गोड ताक, उकडलेलं अंडं, मासे खात असशील तर तिखट न घातलेलं पापलेट. भात, केळं, साबुदाणा मळाला घट्टपणा आणतात. मटकी, चवळी, वाटाणे, कोबी, फ्लॉवर, कच्चा कांदा, ठेचा, तळण आणि नुसतं दूध काही आठवडे लांब ठेव. मग एकेक पदार्थ परत आण, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, आणि वहीत लिही: काय खाल्लं, किती वाजता, किती वेळा जावं लागलं. प्रत्येकीचं पोट वेगळं असतं. मला वांगं चालतं, दूध घातलेला चहा चालत नाही. तुझं उलटं असेल. महिनाभरात ती वही तुला जेवढं सांगेल तेवढं कुणी सांगू शकणार नाही.

घरात उसळ झाली म्हणून तूही मुकाट्याने तीच खायची, असं करू नकोस. ‘माझ्यापुरता मऊ भात लावा’ असं सांग. आणि उपवास सोड. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस, सगळं या वर्षी बाजूला. दिवसभर उपाशी राहून रात्री शेंगदाण्याच्या कुटाची तुपकट खिचडी, हे तुझ्या पोटाला झेपणार नाही.

रात्रीचं जेवण सातच्या आत घे. माझं झोप मोडणं निम्म्याने कमी झालं, ते यामुळेच असं मला वाटतं. सकाळचं मात्र पोटभर खा. खाल्लं की मोठं आतडं हलतं, ही शरीराची जुनीच रीत आहे, आणि तिचा आपण उपयोग करून घ्यायचा. उठल्यावर चहा, नाश्ता, आणि त्यानंतरचे तास-दीड तास घराबाहेर पडायचं नाही. दोनदा, तीनदा, चारदा जे काय व्हायचं ते होऊ दे. ती फेरी संपली की दुपारपर्यंत पुष्कळदा शांतता मिळते. बाहेरची कामं तेव्हा लाव.

इसबगोल डॉक्टरांना विचारून चालू कर, आणि घेण्याची पद्धत नीट समजून घे. भरपूर पाण्यात घेतलं तर सैल करतं. आपल्याला घट्टपणा हवा आहे, म्हणून जेवणानंतर दह्यात कालवून, वर पाणी बेताचं. पाणी दिवसभरात इतर वेळी पी. लोपेरामाइडच्या गोळ्याही देतात, जेवणाच्या अर्धा तास आधी. त्या गोळीचं व्यसन लागेल म्हणून बायका घाबरतात आणि पाकीट कपाटात ठेवून देतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ती खुशाल घे. स्वतःच्या मनाने वाढवू नकोस, आणि पोट फुगून बंद झालं असेल तर अजिबात घेऊ नकोस.

व्यायामाचं सांगते. वात आवरून धरताना जो स्नायू आत ओढतो, तोच आवळायचा. मांड्या, कुल्हे, पोट सैल. आत ओढ, पाच आकडे मोज, सोड, तेवढीच विश्रांती. दहा वेळा, दिवसातून तीनदा. कुकरच्या शिट्ट्या मोजताना कर, मालिका बघताना कर. जोर आला की धावत सुटू नकोस. धावलं की वळा सैल पडतो. उभी राहा किंवा बस, आत ओढून धर, दोन-चार लांब श्वास घे, कळ ओसरली की चालत जा. आधी अर्धं मिनिट जमेल, मग दोन मिनिटं. कमोडवर बसताना पायाखाली पाट घे, पुढे झुक, आणि कुंथू नकोस. दहा मिनिटांत झालं नाही तर उठ.

खालची कातडी सोलवटते, आग होते, चालवत नाही, हे मला माहीत आहे. कागदाने पुसणं बंद कर. पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धू, जुन्या मऊ सुती कापडाने टिपून घे, वाळलं की झिंक ऑक्साइडचं मलम किंवा खोबरेल तेल लाव. सुवासिक साबण नको, अत्तर लावलेले ओले रुमाल तर नकोच. रात्री पॅड लाव. पाळी संपली आता पॅड कसले आणायचे, म्हणून लाजू नकोस. दुकानात कुणी विचारत नाही.

बाहेर पडायचं तर एक छोटी पिशवी खांद्याला कायम हवी: अंतर्वस्त्र, पॅड, पाण्याची बाटली, मलम, गाठ मारायला प्लास्टिकची पिशवी. आपल्या लोकल गाड्यांत संडास नसतो, म्हणून डोंबिवलीहून परळला एका दमात जाण्याऐवजी सुरुवातीला मध्ये उतरायची तयारी ठेवून निघ, घरून तासभर लवकर. कुठल्या स्टेशनवर सोय आहे ते एकदा नवऱ्याला घेऊन बघून ठेव. लांबच्या प्रवासाला एसटीपेक्षा रेल्वे बरी, तिच्यात संडास असतो. हळदीकुंकवाला दाराजवळची जागा धर आणि ज्या एका मैत्रिणीवर भरवसा आहे तिच्या कानावर घालून ठेव. जायचं सोडू नकोस, गं. एकदा घरात बसायची सवय लागली की ती सुटायला पोटापेक्षा जास्त वेळ लागतो.

नवऱ्याशीही बोल. शेकानंतर योनीमार्ग कोरडा होतो, आकसतो, जवळ येणं दुखतं, आणि त्यात डाग पडायची धास्ती. आपण पाठ करून झोपतो आणि त्याला वाटतं हिला मी नकोसा झालो. सांग त्याला. कोरडेपणासाठी वंगण मिळतं, मार्ग आकसू नये म्हणून साधनं असतात, स्त्रीरोगतज्ज्ञ बाई हे सगळं समजावून देतात. विचारल्याशिवाय मात्र कुणी सांगत नाही.

किती दिवस चालणार, हे विचारलंस. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त फरक पडतो, वर्षभर सुधारत राहतं, काहींना दीड-दोन वर्षं लागतात. अगदी पहिल्यासारखं बहुधा होत नाही, तुला खोटी आशा लावणार नाही. पण दिवसाची आखणी तुझ्या हातात परत येते. एवढं करून वर्षानेही तिसाच्या पुढेच राहिलीस तर पुढचे उपाय आहेत. गुदमार्गातून कोमट पाणी सोडून आतडं धुवायचं शिकवतात, सर्जनने जोड तपासून होकार दिल्यावरच आणि पिशवीची काळजी शिकवणाऱ्या स्टोमा नर्सच्या देखरेखीखाली. गुदद्वाराच्या स्नायूंची ताकद यंत्रावर बघून व्यायाम करून घेतात. कंबरेखालच्या मज्जातंतूंना बारीक विद्युत स्पंदनं देणारं उपकरणही बसवतात. काहीजणी विचार करून कायमची पिशवी परत मागून घेतात आणि नोकरी, प्रवास, सगळं करतात. त्यांना मी हरल्या म्हणणार नाही, आणि कुणी तुझ्यासमोर म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. पिशवी असताना बरं होतं असं तुला कधी वाटलं तर त्यातही पाप नाही. पुष्कळांना वाटतं. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, यातून गेलेली माणसं तिथे भेटतात. माझ्याशी बोलायचा कंटाळा आला तर त्यांच्याशी बोल.

आता पुढच्या तपासणीला वही घेऊन जा. रक्तात बी-१२ बघायचंय का, क्षार बघायचेत का, विचार. आणि एवढं लक्षात ठेव: पोट फुगून वात सरणं बंद झालं आणि उलट्या सुरू झाल्या, थंडी वाजून ताप आला, जखमेतून पू किंवा मळ आला, संडासातून रक्त पडायला लागलं, किंवा जुलाबांनी लघवी कमी होऊन चक्कर यायला लागली, तर सकाळची वाट बघू नकोस. रात्रीचे दोन वाजले असले तरी आधी हॉस्पिटल, आणि रिक्षात बसल्यावर मला फोन.