गुरगुरतोय, तर गुरगुरू द्या

बंड्या आमचा लॅब्रॅडॉर. संध्याकाळी आपणहून येऊन मांडीवर डोकं टेकायचा आणि कुरवाळता कुरवाळता मधेच घशातून ‘गुर्र’ करायचा. “लाड करून माजलाय,” हा आईचा निकाल. शेजारच्या काकांनी वर्तमानपत्राची सुरळी नाकावर मारायचा उपाय सांगितला, आणि भावाने तो इमानेइतबारे केला. गुरगुर थांबली. सगळे खूश. मग एका रविवारी भाचीने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि त्याने कसलाही आवाज न करता तिच्या मनगटाला दात लावले. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुतली आणि तडक दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू केली. ‘घरचंच कुत्रं, लस कशाला’ म्हणणारे निघालेच. त्यांचं ऐकू नये.

बंड्याच्या डॉक्टरांनी त्याचा डावा कान उलटून दाखवला. आत लालभडक, तपकिरी मळ, आंबूस वास. या जातीचे कान लोंबते, आत हवा खेळत नाही. पावसाळ्यात ओल राहिली की संसर्ग धरतो. मग सगळा उलगडा झाला. उजव्या बाजूने खाजवलं की गडी डोळे मिटून पडायचा, हात डावीकडे सरकला की गुर्र. त्याचा स्वभाव बिघडला यावर घरात परिषदा झाल्या. हात कुठे होता, हे कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणून गुरगुरल्यावर रागावू नका. हात सावकाश काढा आणि तो नेमका कुठे होता ते लक्षात ठेवा. डॉक्टरांना तेच सांगायचं असतं. म्हाताऱ्या कुत्र्यांत बहुधा कंबर आणि खुबे दुखतात. मार देऊन दुखणं जात नाही, फक्त इशारा बंद होतो, आणि इशारा न देणारं कुत्रं जास्त धोक्याचं.

काही वेळा दुखत काहीच नसतं, मिठीच नको असते. गळ्याभोवती हात आवळले की त्याला हलता येत नाही. गुरगुरण्याआधीही ते बरंच सांगत असतं: ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ करणं. नॉर्वेच्या तुरीद रुगास यांनी अशा खुणांवर पुस्तकच लिहिलंय. नुसत्या हलत्या शेपटीवर मात्र विसंबू नका.

आता, काही कुत्री सुखानेही गुरगुरतात. रॉटवायलर पाळणारे हे हमखास सांगतील. फरक कळायला हात काढून तीन सेकंद थांबायचं. अंग सैल सोडून नाकाने हात ढोसत असेल, तर चालू द्या. उठून निघालं, तर जाऊ द्या. आणि सोफ्यावर बसताना त्याची बाहेर पडायची वाट अडवून बसू नका.