टाळता येणारा अपस्मार



वार्षिक अहवालात जमाखर्चाबरोबरच एखाद्या आजाराची माहिती वाचकांपुढे ठेवावी, या हेतूने या वर्षी अपस्मार हा विषय निवडला आहे. फेफरे, फिट, आकडी, मिरगी अशा अनेक नावांनी हा विकार घरोघरी परिचित आहे. मात्र त्याचे एक महत्त्वाचे कारण आपल्या हातांच्या अस्वच्छतेत दडलेले असते, याची जाणीव सुशिक्षित घरांतही अभावानेच आढळते.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक अल्प व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान आणि नियमित औषधोपचार झाल्यास यांतील ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फेफऱ्यांपासून मुक्त जीवन जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जन्मवेळची इजा, डोक्याला लागलेला मार, पक्षाघात, आनुवंशिकता अशी या विकाराची अनेक कारणे आहेत. त्यांपैकी मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या पुटी, म्हणजेच न्यूरोसिस्टिसर्कोसिस, हे कारण मात्र मुळातच टाळता येण्यासारखे आहे. ज्या प्रदेशांत हा कृमी स्थिरावला आहे, त्यांतील अनेक ठिकाणी अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असते. भारत हा अशा प्रदेशांपैकी एक आहे. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचा समावेश उष्ण कटिबंधातील दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला.

शाकाहारी माणसाला हा रोग कसा होतो?

पट्टकृमी डुकराच्या मांसातून येतो, हे ऐकून ‘आमच्या घरी मांस शिजतच नाही, मग आम्हांला कसली भीती?’ असा प्रश्न अनेक कुटुंबे विचारतात. हा समज रोगापेक्षाही घातक आहे. त्यासाठी या कृमीच्या जीवनक्रमातील दोन वेगवेगळे टप्पे समजून घ्यावे लागतात.

पुटी असलेले डुकराचे मांस अर्धवट शिजवून खाल्ले, तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. तो काही मीटर लांब होतो. परंतु त्या माणसाला बहुधा फारसा त्रास जाणवत नाही. त्याच्या मलावाटे कृमीचे तुकडे बाहेर पडतात आणि अशा एका तुकड्यात ५०,००० पर्यंत अंडी असू शकतात. हा झाला पहिला टप्पा.

ही अंडी न धुतलेल्या हातांतून, दूषित पाण्यातून किंवा कच्च्या भाजीपाल्यावरून दुसऱ्या कोणाच्या पोटात गेली की त्यांतून बाहेर पडणारे सूक्ष्म जीव रक्तावाटे स्नायू, डोळे आणि मेंदू यांत जाऊन बसतात. मेंदूचा रोग होतो तो या दुसऱ्या टप्प्यात, आणि त्यासाठी मांस खाण्याची मुळीच गरज नसते. आतड्यात कृमी असलेला माणूस स्वतःच्याच अस्वच्छ हातांनी स्वतःलाही हा रोग लावून घेऊ शकतो.

याचे बोलके उदाहरण न्यूयॉर्क शहरातील आहे. तेथील सनातनी ज्यू समाज धर्माज्ञेनुसार डुकराच्या मांसाला स्पर्शही करीत नाही. तरीही १९९० आणि १९९१ या वर्षांत त्या समाजातील परस्परांशी नाते नसलेल्या चार व्यक्तींना हा रोग झाल्याचे आढळले. घरकामासाठी आलेल्या, पट्टकृमीचा प्रादुर्भाव असलेल्या देशांतील व्यक्तींकडून हा संसर्ग आला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. येथे कोणा व्यक्तीस वा समाजास दोष देण्याचे कारण नाही. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याला त्याचा पत्ताही नसतो. एका घराचे आरोग्य दुसऱ्याच्या आरोग्याशी किती बांधलेले असते, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

मेंदूत काय घडते?

मेंदूत शिरलेली पुटी वर्षानुवर्षे निमूट पडून राहू शकते. भारतात सेवा बजावून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी अनेकांना काही वर्षांनी फेफरे येऊ लागले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५० रुग्णांच्या पाहणीत प्रामुख्याने अशाच सैनिकांचा समावेश होता. पुटी मरू लागली की शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते, भोवती सूज येते आणि फेफरे येते. म्हणूनच काल-परवापर्यंत धडधाकट असलेल्या मुलाला वा तरुणाला अचानक फिट आली, तर तिचे मूळ पुष्कळ मागचे असू शकते.

भारतीय रुग्णांत बहुधा एकच लहानशी पुटी आढळते. सीटी स्कॅनमध्ये ती अंगठीसारखी दिसते. पूर्वी अशी गाठ क्षयाची समजून रुग्णाला दीर्घकाळ क्षयरोगाची औषधे दिली जात. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की, यांतील बहुतेक गाठी पट्टकृमीच्या पुटी असतात. या एका शोधामुळे असंख्य रुग्णांचे अनावश्यक उपचार टळले.

निदान आणि उपचार

पहिले फेफरे आल्यावर मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय करणे आवश्यक ठरते. निदान झाल्यावर उपचारांची तीन अंगे असतात : फेफरे रोखणारे औषध, सूज आवरणारे स्टेरॉइड आणि योग्य रुग्णांत कृमिनाशक औषध. अल्बेंडाझोल आणि प्राझिक्वांटेल ही कृमिनाशके साधारणतः स्टेरॉइडसह, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. पुटी मारताना सूज वाढण्याचा संभव असतो. मेंदूत अनेक पुटी असून आधीच सूज असेल, तर हे औषध घातक ठरू शकते. त्याआधी डोळ्यांची तपासणीही करावी लागते. शाळेत वाटली जाणारी जंताची एक गोळी म्हणजे मेंदूतील पुटीवरचा उपचार नव्हे, आणि दुकानातून आणून स्वतःच्या मनाने हा उपचार कोणीही करू नये. पुटी सुकून तिचा चुन्यासारखा कठीण डाग उरला असेल, तर कृमिनाशकाचा उपयोग होत नाही; फेफरे रोखणारे औषध मात्र चालू ठेवावे लागते.

एकच पुटी पूर्ण विरली आणि फेफरे पुन्हा आले नाही, तर डॉक्टर काही काळानंतर औषध हळूहळू कमी करून थांबवू शकतात. हा निर्णय त्यांचाच असावा. ‘आता फिट येत नाही’ म्हणून गोळी एकाएकी बंद करणे, हे फेफरे पुन्हा ओढवून घेण्यासारखे आहे. विहिरीवर, चुलीपाशी वा वाहन चालवताना आलेले एकच फेफरे जिवावर बेतू शकते.

फेफरे आले असता

रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि घड्याळाकडे लक्ष ठेवावे. कांदा वा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. झटके ५ मिनिटांपेक्षा अधिक चालले किंवा शुद्ध न येता पुन्हा आले, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

प्रतिबंध

शौचालयाचा वापर, शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे, कोथिंबीर, काकडी, मुळा यांसारख्या कच्च्या खाण्याच्या वस्तू स्वच्छ पाण्याने नीट धुणे आणि डुकराचे मांस पूर्ण शिजवूनच खाणे, हे उपाय प्रत्येक घराच्या आवाक्यातले आहेत. एका व्यक्तीस हा रोग आढळल्यास घरातील इतरांची पट्टकृमीसाठी मलतपासणी करून घ्यावी. संत गाडगेबाबांच्या नावाने २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाचे महत्त्व या आजाराच्या संदर्भात विशेष जाणवते.

सामूहिक प्रयत्नांनी काय साधते, हे पेरू देशातील टुंबेस प्रांताने दाखवले. तेथे माणसांना व डुकरांना कृमिनाशक औषध आणि डुकरांना लस, असा एकत्रित कार्यक्रम १०७ गावांत राबवण्यात आला. त्यानंतरच्या तपासणीत १०५ गावांतील डुकरांत एकही जिवंत पुटी आढळली नाही. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपले कर्तव्य

फेफरे हा बाहेरचा प्रकार नाही, वेड नाही आणि स्पर्शाने पसरणारा रोगही नाही. वारंवार येणाऱ्या फेफऱ्यांना विवाहातील अडसर मानणारी तरतूद हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतून १९९९ मध्येच वगळण्यात आली. कायद्याने जे मान्य केले ते घराघरांनी मान्य करणे अद्याप बाकी आहे. आजार लपवण्याच्या धडपडीत अनेक मुलींच्या गोळ्या लग्न ठरताच बंद होतात. रुग्णांच्या आप्तांना कळकळीची विनंती, की असे होऊ देऊ नये. विवाहापूर्वी वा गर्भधारणेपूर्वी औषधात बदल करावा लागू शकतो. तोही डॉक्टरांना विचारूनच करावा.

देणगीदारांपुढे रुग्णालयाच्या हिशेबाची एक बाजू मांडावीशी वाटते. स्कॅनचा खर्च मोठा असतो, परंतु तो प्रसंगापुरता असतो. नातेवाईक उसनवारी करून का होईना, तो भागवतात. गोळ्यांचा खर्च लहान असतो, पण तो दर महिन्याला येतो. पेरणीचा हंगाम, मुलांच्या शाळेची फी, बसभाडे यांच्या रेट्यात पहिली कात्री त्यालाच लागते. यंत्राच्या दालनावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, गोळ्यांच्या पाकिटावर लागत नाही. तरीही एखाद्या रुग्णाच्या पूर्ण मुदतीच्या औषधांचा भार उचलणारी देणगी यंत्राइतकेच मोठे काम करते. तिच्यामुळे मुलाची शाळा सुटत नाही आणि कमावता माणूस कामावर परततो. विश्वस्त मंडळानेही रुग्णसहाय्य निधीचा विनियोग ठरवताना पहिल्या तपासणीबरोबरच पुढील औषधांचाही विचार करावा, अशी नम्र सूचना आहे.



— व्यवस्थापक