हाडाची गोळी लागू पडते का? लघवी सांगते

वस्तीतल्या आयाबहिणी आम्हाला विचारतात, "आठवड्याची ती गोळी सहा महिने घेतली, कंबर तशीच दुखते. बंद करू का?" आम्ही सांगतो, दुखण्यावरून ठरवू नका. हाडे ठिसूळ होत असतात तेव्हा बहुधा काहीच दुखत नाही. मनगट, मणका नाहीतर खुबा मोडल्यावरच कळते. गोळी काम करते आहे, हेही तसेच अंगाला जाणवत नाही.

हाड म्हणजे दगड नव्हे. जुने झिजते, नवे भरते, असे आयुष्यभर चालते. पाळी गेल्यावर झीज वाढते आणि भर अपुरी पडते. झिजलेल्या हाडातल्या प्रथिनाचे बारीक तुकडे रक्तात येतात व लघवीवाटे बाहेर पडतात. त्यांतल्या एकाला एनटीएक्स म्हणतात. तो जास्त असेल तर झीज जोरात आहे. ॲलेंड्रोनेटसारखी गोळी ही झीज रोखते, म्हणून ३ ते ६ महिन्यांत हा आकडा उतरायला हवा. डेक्सा मशीनवर तोच फरक दिसायला वर्ष-दोन वर्षे जातात.

नेहमीच्या साध्या लघवी तपासणीत हे दिसत नाही. रोग आहे की नाही, हेही एनटीएक्सवरून ठरत नाही, त्यासाठी डेक्साच. तेव्हा पैसे भरण्याआधी "ही तपासणी कशासाठी?" असे डॉक्टरांना विचारा. विचारण्यात लाज कसली! पुष्कळ ठिकाणी हिच्याऐवजी सीटीएक्स ही रक्ताची तपासणी करतात. तिचे रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचे असते.

पहिला नमुना गोळी सुरू होण्याआधीच द्यावा, नाहीतर पुढचा आकडा ताडून बघायचा कशाशी? सकाळची पहिली लघवी सोडून दुसरी घेतात. दोन्ही वेळा लॅब एकच असावी. अलीकडे हाड मोडले असेल तर तसे सांगा, कारण ते जुळत असताना आकडा वाढलेलाच येतो.

आकडा उतरलाच नाही तर आधी गोळी कशी घेता ते आठवा. आपल्याकडे ती चहाबरोबर घेतात, नाहीतर कॅल्शियमच्या गोळीसोबत. मग ती अंगी लागतच नाही. उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी. पुढे अर्धा तास काही खायचे नाही आणि आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. कॅल्शियम दुपारी जेवणानंतर घ्यावे. डॉक्टर औषध बदलू लागले तर त्यांना हे सगळे आधी सांगा.