केवडियाला निघताय? दुपार सोडून द्या

आखाजी झाली, शाळांचे निकाल लागले, की आपल्या नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे घरोघरी एकच विषय निघतो: या सुट्टीत पोरांना कुठे न्यायचं? तोरणमाळ बघून झालेलं असतं. मुंबईचं वॉटर किंगडम किंवा खोपोलीचं इमॅजिका लांब पडतं, खिशालाही जड जातं. मग गाडी ठरते ती केवडियाची, म्हणजे आताच्या एकतानगरची. अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा, राजपिपळा करत तीन-चार तासांत पोहोचता येतं. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा, जंगल सफारी, मुलांच्या पोषण उद्यानातली छोटी आगगाडी, पोरं हरखून जातात. जरूर न्या. फक्त मे महिन्यात जाणार असाल, तर दुपारी बारा ते चार तिथे उघड्यावर काहीही बघू नका.

हे सांगितलं की आईबाबांचे चेहरे उतरतात, आणि ते मला समजतं. गाडीचं भाडं, डबे, माणशी तिकिटं, वर्षातून एकदाच जमणारी सहल. एवढे पैसे भरलेत तर सगळं बघूनच निघू, असं वाटणारच. पण लेकरं आजारी पडतात ती याच हिशेबापायी. रांगेत पोरगं कुरकुरायला लागतं, चालायला नको म्हणतं, उगाच भावंडाशी भांडतं. आपण दटावतो, ‘एवढ्या लांब आणलं आणि आता नखरे?’ ते नखरे नसतात. उन्हानं जीव दमल्याची ती पहिली खूण असते.

मुलांचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानानं त्यांच्या कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे भोवतालची हवा अंगापेक्षा गरम असली की ती उष्णता झपाट्यानं आत शिरते. त्यांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो. आणि खेळाच्या नादात तहान लागल्याचं त्यांच्या ध्यानातच येत नाही. त्यात आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी. पारा ४२-४३ वर असताना घाम आला तसा उडून जातो, सदरा कोरडाच राहतो, आणि आपण म्हणतो, ‘याला तर घामही आला नाही.’ अंगातलं पाणी मात्र गेलेलं असतं. म्हणून घामाकडे बघू नका, लघवीकडे बघा. सकाळपासून एकदाच झाली असेल किंवा रंग गर्द पिवळा असेल, तर आधी सावली, आधी पाणी, मग पुढचं तिकीट.

मोठ्या मुलींकडे आयांनी जरा जास्त लक्ष द्यावं. बाहेरच्या संडासात जावं लागू नये म्हणून कितीतरी मुली दिवसभर मुद्दाम पाणी पीत नाहीत, आणि कुणाला सांगतही नाहीत. पोहोचल्या पोहोचल्या स्वच्छतागृह कुठे आहे ते तिच्यासोबत जाऊन बघून या. दिवसातून दोन-तीनदा आपणहून ‘चल, मलाही जायचंय’ म्हणा. ती पाणी प्यायला लागेल.

दिवसाची आखणी अशी करा. पहाटे अंधारात निघा. आधी जंगल सफारी उरका, कारण तिथं चढ आहे, चालणं भरपूर आहे, आणि दुपारी जनावरंही सावली धरून निपचित पडलेली असतात. ऊन चढलं की छताखालच्या जागा गाठा किंवा सरळ जेवून पोरांना तासभर आडवं करा. संध्याकाळी पुन्हा बाहेर पडा. अंधार पडल्यावर पुतळ्यावरचा प्रकाश-ध्वनीचा खेळ बघून निघालात, तरी लेकरांच्या लक्षात तोच राहील. दोन ठिकाणं राहून गेली तर राहू देत.

सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे घाला. मोठं उपरणं ओलं करून मानेवर टाकलं की आपल्या कोरड्या हवेत ते छान गारवा देतं. सुरत-मुंबईच्या दमट हवेत त्याचा तितका उपयोग नाही. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण दर अर्ध्या तासाला चार-सहा घोट पाणी पाजायला त्याचा पर्याय नाही. कैरीचं पन्हं, मीठ घातलेलं ताक, धडगावकडचं आमचूर भिजवून केलेलं गूळ-मिठाचं पाणी, सगळं उत्तम. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. ग्लासभर पाण्यात अर्धी पुडी टाकली तर अपायच होतो. फळांच्या चवीचं गोड डबाबंद पेय म्हणजे ओआरएस नव्हे. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला पाणी नको, अंगावर जास्त वेळा पाजा. आणि झोपलंय म्हणून कुठल्याही लेकराला उभ्या गाडीत ठेवू नका, काच खाली असली तरीही.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर इथवर असेल तर सावलीत निजवा, पाय थोडे वर, घोट घोट पाणी. पण मूल बरळायला लागलं, ओळख देईना, झटका आला, तर तो उष्माघात. तोंडात पाणी घालू नका, तापाची गोळी देऊ नका, तिचा इथे उपयोग नाही. कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. हा क्रमांक गुजरातेतही चालतो.

आता आपल्या जिल्ह्यापुरतं एक, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे, विशेषतः भिल्ल, पावरा, गावित, कोकणा कुटुंबांत, सिकलसेलची लेकरं बरीच आहेत. अंगातलं पाणी कमी झालं की त्यांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हातपाय, पोट, पाठ असह्य दुखायला लागते. अशा मुलाला तहान लागेपर्यंत थांबूच नका. तापलेल्या अंगानं एकदम गार पाण्याच्या तलावात उडीही मारू देऊ नका. अचानकच्या गारव्यानं रक्तवाहिन्या आवळतात आणि दुखणं उमळतं. आधी सावलीत बसवा, मग पाय भिजवा, मग हळूहळू पाण्यात. वॉटर पार्कला नेण्याआधी डॉक्टरांना विचारूनच न्या. नेहमीच्या गोळ्या सामानाच्या बॅगेत नको, आईच्या पर्समध्ये हव्यात.

तपासणीच झालेली नसेल तर सहलीआधी करून घ्या. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे, सरकारी दवाखान्यात चौकशी करा. आणि अहवालाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. राजपिपळ्याच्या दवाखान्यात रात्री जायची वेळ आली, तर समोरच्या डॉक्टरांना पहिल्या मिनिटातच कळेल की हे दुखणं नुसत्या उन्हाचं नाही.