दवाखान्याची इमारत आणि दवाखाना

शेतकऱ्याच्या घरीं बैलजोडी घ्यावयाची असली म्हणजे दोन हिशेब करावे लागतात. पहिला बाजारच्या दिवसाचा. जोडीला काय पडेल व ती रक्कम कोठून उभी करावयाची. दुसरा वैरणीचा, पेंडीचा, पत्री मारण्याचा व गोठा शाकारण्याचा. हा दुसरा हिशेब एका दिवसांत संपत नाहीं; बैल दावणीला आहेत तोंपर्यंत तो चालावयाचा. पहिला करून दुसरा जो विसरतो त्याचे बैल चैत्र-वैशाखांत कसे दिसतात हें आपल्या वाचकांस सांगावयास नको.

सरकारच्या दप्तरींहि हेच दोन हिशेब असतात. जमीन, इमारत, यंत्रें अशा टिकाऊ वस्तूंवर जो पैसा एकदां घालावयाचा त्यास भांडवली खर्च म्हणतात. पगार, औषधें, वीज व डागडुजी ह्यांवर जो दरसाल होतो तो महसुली खर्च. ह्या दोहोंचें एकमेकांशीं नातें काय, हा आजच्या पाठाचा विषय आहे, व तोहि खेड्यांतील दवाखान्यापुरताच. विषय रुक्ष वाटेल. पण तो शिकण्याची गरज मला कशी भासली तें आधीं सांगतों.

माझ्या ओळखीच्या एका गांवीं आरोग्य उपकेंद्राची नवी इमारत आहे. गांवाचें नांव लिहीत नाहीं, कारण तेथील मंडळी हें पत्र वाचतात. भिंती पक्क्या आहेत, फरशी गुळगुळीत आहे, दाराशेजारीं उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे. जागा गांवानें फुकट दिली, आणि फुकट दिलेली जागा जशी असते तशीच ती आहे; ओढ्यापलीकडे, गायरानाच्या कडेला. तेथें विहीर नाहीं व नळ पोंचलेला नाहीं. मागच्या बाजूस नर्सबाईंच्या राहण्याची खोली आहे, परंतु दिवेलागणीनंतर त्या ठिकाणीं एकट्या स्त्रीनें राहावें असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. बाई तालुक्याच्या गांवाहून येतात व उजेड आहे तों परत जातात.

एका पावसाळ्यांत आमच्या मंडळींतील एक सून रात्रीं अडली. सासूनें तिला प्रथम त्या इमारतीकडेच नेलें, कारण आतां बाळंतपणें येथेंच होतील असें उद्घाटनाच्या दिवशीं सर्वांस सांगितलें होतें. दाराला कुलूप होतें. पुन्हां ओढा ओलांडून रस्त्यावर यावयाचें, जीप मिळवावयाची व ग्रामीण रुग्णालय गांठावयाचें, ह्यांत पहांट झाली. बाई वांचली, मूल वांचलें नाहीं. त्या मुलास मूठमाती मीं दिली.

ह्यांत दोष कोणाचा, असें मला पुष्कळांनीं विचारलें. नर्सबाईंचा, असें म्हणणें सोपें आहे. परंतु त्या इमारतीचे कागद मीं मागाहून पाहिले तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. जागा, नकाशा, अंदाजपत्रक, ठेका, उद्घाटन, ह्या सर्वांचे कागद होते. पाणी कोठून येणार व रात्रीं तेथें कोण असणार, ह्याविषयीं एकहि कागद नव्हता. पहिला हिशेब पुरा झाला होता. दुसरा कोणीं मांडलाच नव्हता.

खेड्यांतील दवाखान्याचा विचार आपल्या देशांत नवा नाहीं. सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं एक समिति नेमण्यांत आली व तिनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला. दूरच्या काळाकरितां तिनें असें सुचविलें कीं, दहा ते वीस हजार वस्तीमागें ७५ खाटांचें एक रुग्णालय असावें; आणि तें होईपर्यंत ४०,००० वस्तीमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र उघडावें. ह्या अहवालांतील माझ्या मतें सर्वांत शहाणपणाची गोष्ट ही कीं, त्यांत खाटांबरोबर माणसेंहि मोजलीं आहेत; केंद्रामागें डॉक्टर दोन, आणि परिचारिका व सुइणी किती, हें तेथेंच ठरविलें आहे. पुढें १९५२ सालच्या २ ऑक्टोबर रोजीं सामूहिक विकासाची योजना सुरू झाली व तिच्याबरोबर हीं केंद्रें उघडूं लागलीं. मागाहून जें प्रमाण ठरलें तें उपदेशकबंधूंनीं ध्यानांत ठेवावें: सपाटीच्या मुलुखांत ५,००० वस्तीमागें एक उपकेंद्र व ३०,००० मागें एक प्राथमिक केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागांत ३,००० व २०,०००. त्यांच्यावर १,२०,००० वस्तीमागें (डोंगराळ भागांत ८०,०००) तीस खाटांचें एक मोठें केंद्र, व त्यांत शस्त्रवैद्य, बालवैद्य, स्त्रीरोगाचे व सर्वसाधारण रोगांचे तज्ज्ञ.

केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्याच्या आंकड्यांप्रमाणें ३१ मार्च २०२२ रोजीं ह्या मोठ्या केंद्रांत जेवढे तज्ज्ञ असावयास पाहिजेत त्यांपैकीं शेंकडा सुमारें ८० कमी होते. म्हणजे पांच खुर्च्यांपैकीं चार रिकाम्या. इमारती उभ्या होत्या, खाटा होत्या, कित्येक ठिकाणीं शस्त्रक्रियेचीं टेबलेंहि होतीं.

पैसा मुळींच नव्हता असें मात्र म्हणतां येत नाहीं. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१-२२ ते २०२५-२६ ह्या पांच वर्षांकरितां स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मार्फत आरोग्यासाठीं ७०,०५१ कोटि रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली. ज्या उपकेंद्रांना स्वतःची इमारत नाहीं त्यांना ती बांधून देणें हें त्यांतील एक कलम होतें. शिवाय २५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आरोग्याच्या पायाभूत सोयींसाठीं ६४,१८० कोटि रुपयांची एक निराळी योजना सुरू झाली. मग अडतें कोठें? इमारतीची मान्यता एक व तींतील पदांची मान्यता दुसरी, येथें बहुधा अडतें. इमारतीचा खर्च एकदांच होतो, डोळ्यांना दिसतो, व तिला पाटी लावतां येते. एक पद निर्माण केलें म्हणजे पुढें तीस-पस्तीस वर्षांचा पगार तिजोरीवर बसतो. तिजोरी राखणारा अधिकारी तेथें हात आंखडतो, व मी त्यास सर्वस्वी दोष देत नाहीं; परंतु जी इमारत चालवितां यावयाची नाहीं तिला त्यानें पहिल्यानेंच मान्यता कां द्यावी, हें मला अद्यापि समजलेलें नाहीं.

आपणहि ह्या चुकीपासून अलिप्त राहिलों नाहीं. परदेशांतील मंडळ्यांच्या देणग्यांतून उभे राहिलेले मिशनचे कित्येक दवाखाने, तिकडून दरसाल येणारी मदत आटतांच, एकेक खोली बंद करीत ओस पडले.

उलट बाजूचें उदाहरण जामखेडचें. अहिल्यानगर (पूर्वींचा अहमदनगर) जिल्ह्यांतील ह्या गांवीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० सालीं आलें. त्यांचा आरंभ गुरांच्या दवाखान्याच्या जुन्या पडीक जागेंत झाला. त्यांनीं पैसा व श्रम घातले ते गांवोगांवच्या स्त्रियांस शिकविण्यांत. ह्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या व अस्पृश्य मानलेल्या जातींतल्याहि होत्या. त्यांच्या कामाच्या गांवांत १९७१ च्या सुमारास जन्मलेल्या हजार मुलांपैकीं १७६ मुलें वर्षाच्या आंत दगावत. १९९६ पर्यंत ही संख्या तिसाच्या खालीं आली. आतां ह्यावरून इमारत नकोच असें कोणी समजूं नये. जामखेडलाहि पुढें चाळीस खाटांचें रुग्णालय बांधावें लागलें, कारण आडवें आलेलें मूल उपदेशानें सुटत नाहीं. त्याला शस्त्रक्रियेची खोली, रक्त व भूल देणारा डॉक्टर लागतो. परंतु तेथें माणसें आधीं तयार झालीं व भिंती त्यांच्या मागून आल्या.

आतां उपदेशकांनीं काय करावें तें सांगतों. तुमच्या गांवीं उपकेंद्र मंजूर झाल्याची बातमी आली म्हणजे जागेचा ठराव ग्रामसभेपुढें येतो. तो हात वर करून पांच मिनिटांत संमत होतो, व त्या पांच मिनिटांतच पुढील पन्नास वर्षांचें बरेंचसें ठरून जातें. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्च मोजणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आपण पुष्कळदां शिकवितों. तो येथें उपयोगीं आणावा. जागा वस्तीला लागून आहे काय? भर पावसांत, रात्रीं, गरोदर बाई तेथें पायीं जाऊं शकेल काय? हा प्रश्न पुरुषांस नव्हे, बायकांस विचारावा. पाण्याचा खर्च अंदाजपत्रकांत धरला आहे काय? पद मंजूर आहे कीं पुढें होईल असें नुसतें तोंडीं सांगितलें आहे? अंगणवाडीच्या इमारतीविषयींहि हेंच विचारावें.

दुरुस्तीसंबंधीं एक गोष्ट. १२ एप्रिल २००५ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत प्रत्येक उपकेंद्रास वर्षाला १०,००० रुपयांच्या मोकळ्या निधीची तजवीज केली होती, व तो नर्सबाई व सरपंच ह्यांच्या संयुक्त खात्यांत ठेवावयाचा होता. अशा निधीचा हिशेब ग्रामसभेंत मागण्याचा संकोच धरूं नये. मागणें हें भांडण नव्हे. मात्र एवढ्या रकमेंत मोडलेला पंप दुरुस्त होईल, ओढ्यापलीकडे पाणी जाणार नाहीं, हेंहि समजून असावें.

ज्या गांवाची गोष्ट वर सांगितली तेथील बायका गेल्या वर्षीं ग्रामसभेस प्रथमच एकत्र जाऊन बसल्या. त्यांच्यांत ती सासूहि होती. त्यांनीं नवें कांहींच मागितलें नाहीं; जुन्याच इमारतीला नळ, ओढ्यावर फरशी पूल, व तोंपर्यंत नर्सबाईंस गांवठाणांत राहावयास खोली, एवढेंच मागितलें. खोली अंगणवाडीशेजारीं भाड्यानें मिळाली आहे व बाई आतां आठवड्यांतून चार रात्री गांवांत राहतात. पुलाचें अंदाजपत्रक जिल्हा परिषदेकडे गेलें आहे. नळाकरितां चर खणून झाला आहे. नळ यावयाचा आहे.